रिकामी गाडी बंद पडत नाही

मुंबईहून परत येऊन आठवडा झाला. कराडात जो भेटतो तो विचारतो, जुहूला गेली होतीस का, समुद्र बघितलास का. चार दिवस घाटकोपरला राहून मी समुद्राचं तोंडही पाहिलं नाही हे सांगितलं की लोकांना माझी कीव येते. मी पाहिलं ते एका जुन्या पांढऱ्या व्हॅनचं पोट, तेही बहुतेक वेळ उताणी पडून. त्याचीच ही हकिगत. समुद्र हवा असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं.

मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवत होते, मागच्या वर्षी निवृत्त झाले. शालन कांबळे ही त्याच आयटीआयमधली माझी वर्गमैत्रीण. आमच्या बॅचला मुली दोनच, मी आणि ती. ती लग्न करून घाटकोपरला गेली आणि मी शिकवायला लागले. गेली नऊ वर्षं शालन स्वतःच्या व्हॅनमधून डायलिसिसच्या पेशंटना मुलुंडच्या सेंटरला नेते आणि परत आणते. तिचा फोन आला तेव्हा मी कैऱ्या चिरत होते.

"मंदे, वाट लागलीय गं. गाडी मधेच बंद पडते, कुणाला फॉल्ट सापडत नाही. तू ये ना."

"मुंबईत इलेक्ट्रिशियन संपले का?"

"तीन जणांनी बघितली. तिघांनी तीन पार्ट बदलले. तू ये."

मी मीटर, टेस्ट लॅम्प आणि सोल्डरिंगची इस्त्री टॉवेलात गुंडाळली आणि निघाले. कैऱ्या तशाच राहिल्या, हे घरचे अजून ऐकवतात.

शनिवार, घाटकोपर

शालन मला घ्यायला त्याच व्हॅनमधून आली. गाडी तासभर ट्रॅफिकमध्ये उभी राहत-चालत नीट आली, एकदाही कुरकुरली नाही. दाखवायला नेलं की दुखणं गायब होतं, तसंच हे. शालन म्हणाली, "आपल्याला घेऊन जाताना बघ कशी गुणी वागते."

शालनचं घर चौथ्या मजल्यावर, पुनर्विकासात मिळालेलं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी त्याला बसवतात, मग इकडची तिकडची विचारपूस, मग ताट. इथे मी चप्पल काढेपर्यंत ताट वाढून तयार होतं, आणि शालनचा नवरा ड्युटीला निघता निघता माझ्याशी बोलून घेत होता. भाकरी मात्र तांदळाची! ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली ही बाई. विचारलं तर म्हणे शेजारणी सगळ्या कोकणातल्या, हात बदलला. सोबत सुकट आणि कच्चा कांदा. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि तक्रार मागे घेतली.

जेवण झाल्यावर तिने खरी गोष्ट सांगितली.

तिच्याकडे मंगळवार-शुक्रवारी सकाळी सहा पेशंट असतात. घाटकोपरहून सुरुवात, मग विक्रोळी, भांडुप, शेवटी मुलुंड. विक्रोळीला चढतात ते घाडीतात्या. मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वॉचमनकी केली. त्यांना मागे चढता येत नाही म्हणून पुढची डावी सीट त्यांची. दीड महिन्यापासून गाडी विक्रोळीच्या पुढे गेली की बंद पडायची. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. जातानाच पडायची, येताना कधी नाही. मागच्या सीटवरचे हसमुखभाई स्वभावाने गमत्ये. एकदा ते म्हणाले, "तात्या, तुम्ही बसलात की गाडी बसते. पनवती आहात काय हो?" सगळे हसले, तात्याही हसले. दुसऱ्या खेपेला थोडे कमी हसले. चौथ्या खेपेला कुणीच हसलं नाही, कारण त्या दिवशी सगळ्यांच्याच मशिनची वेळ चुकली होती.

"या शुक्रवारी तात्या आलेच नाहीत," शालन म्हणाली. "दारातूनच सांगितलं, माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा नको. रिक्षाने जा म्हटलं, तर नाही. मुलगा बाहेरगावी. म्हणजे डायलिसिसच चुकवलं गं. डॉक्टर म्हणाले, लागोपाठ दुसरं चुकलं तर छातीत पाणी भरेल."

"आणि गाडी?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेच तर. शुक्रवारी तात्या नव्हते, त्यांची सीट रिकामी ठेवली होती. गाडी एकदाही बंद पडली नाही."

मला रागच आला. तात्यांचा नाही, हसमुखभाईंचा आणि एकूण त्या शब्दाचा. आयुष्यभर मी पोरांना शिकवलं की विजेला माणूस ओळखू येत नाही. मी शालनला ठणकावून सांगितलं, "हा योगायोग आहे. तात्यांचं नाव या दुरुस्तीत काढायचं नाही."

हे वाक्य मला दोन दिवस महागात पडलं.

रविवार, बिल्डिंगच्या खाली

सकाळी गाडी बिल्डिंगच्या मागे लावली आणि मी कामाला बसले. या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की सगळं समोर. गाडी मुळात पेट्रोलची, पुढे सीएनजीचं किट बसवलेलं, त्यामुळे जुन्या वायरिंगवर नव्या वायरिंगची वेल चढलेली. मुंबईच्या इलेक्ट्रिशियन लोकांची एक पद्धत मला तिथेच कळली. जुनी वायर शोधत बसायचं नाही, सरळ नवी ओढायची. याला ते "डायरेक्ट मारणं" म्हणतात. या गाडीत मला चार डायरेक्ट सापडल्या, चारही चालू. आमच्याकडे एक वायर शोधायला मिस्त्री अख्खी दुपार घालवतो आणि मधे दोनदा चहा पितो. इथे माणसाला दुपारच नसते, तो तरी काय करणार.

बॅटरी तपासली, अर्थ तपासली, कॉइल, फ्यूज, किल्लीचा स्विच, एकेक वायर हलवून पाहिली. इंजिन तासभर चालू ठेवलं. मस्त चालत होतं.

मग माझा टेस्ट लॅम्पचा चिमटा निसटून नको तिथे बसला आणि हॉर्न सुरू झाला. तो थांबेचना. रविवारची सकाळ, लोक झोपलेले. एका मिनिटात चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या आणि प्रत्येक खिडकीतून एकेक सल्ला आला. "बॅटरी काढा!" "रिले असेल रिले!" "शालनताई, ही कोण बाई आणलीत?" मी बॅटरीची वायर काढली तेव्हा कुठे शांतता झाली. निवृत्त शिक्षिकेची इतकी शोभा कराडात कधी झाली नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मात्र चहा पाठवला.

संध्याकाळपर्यंत मला फॉल्ट सापडला नाही. शालनने मला खाऊगल्लीत नेलं, माझी समजूत काढायला असावं. तिथे डोशात भाजी, चीज, सॉस आणि आणखी काय काय घालून त्याच्या उभ्या गुंडाळ्या करून देतात. डोसा कुठे संपतो आणि बाकीचं कुठे सुरू होतं तेच समजत नाही. मी नाक मुरडलं आणि पूर्ण प्लेट संपवली. शालन नुसती चिवडत बसली होती.

"मंगळवारी तो माणूस गाडीत बसला पाहिजे, मंदे," ती म्हणाली. "बाकी गाडीचं काय व्हायचं ते होऊ दे."

सोमवार, साकीनाका आणि विक्रोळी

सकाळी आम्ही साकीनाक्याला गेलो. गाडी बघितलेल्या तिघांपैकी शेवटचा, जाधव, तिथे एका गाळ्यात बसतो. गाळा म्हणजे काय, एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहायचं. एका बाजूला पत्रा कापायचं मशिन, दुसऱ्या बाजूला खोकी बनवण्याचा कारखाना. जाधव त्या आवाजात आरामात बोलत होता, मीच ओरडत होते.

"मॅडम, मी कॉइल बदलली ना. माझ्याकडे दोन दिवस होती गाडी. एकदा बंद पडली असती तर पकडलीच असती."

"माझ्याकडेही नाही पडली."

"पडणारच नाही. आपल्याकडे गाडी येते ती रिकामी येते. रिकामी गाडी बंद पडत नाही. भरलेली असते तेव्हा काय होतं ते आपण बघतो कुठे? पेशंटना विचारलं का कुणी?"

शालनने माझ्याकडे पाहिलं. मी तिची नजर चुकवली. ज्या माणसाचं नाव काढायचं नाही असं मी बजावलं होतं, त्यालाच विचारायला हवं होतं. पनवती हा शब्द मला इतका लागला होता की त्याच्या आड लपलेली माहितीही मी फेकून दिली होती. गाडी तात्या असतानाच बंद पडते, हे हसमुखभाईंनी बरोबर पाहिलं होतं. त्याचं कारण तेवढं चुकलं होतं.

जाधवने मला चांगल्यातले दोन कनेक्टर निवडून दिले आणि "सापडला की मला पण सांगा हां," असं म्हणाला. आम्ही तिथून थेट विक्रोळीला तात्यांकडे गेलो.

तात्यांचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. दार उघडलं ते काकींनी, तात्यांच्या बायकोने. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसासमोर आधी तांब्या ठेवतात. काकींनी मला हाताला धरून आत ओट्याशी नेलं, पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "ह्यंच्यासमोर पिवा नको हां." तात्यांना दिवसाचं पाणी मोजून. त्यांच्या पाण्याचा छोटा पेला वेगळा ठेवलेला होता. मी ओट्याशी उभी राहून ते पाणी प्यायले आणि भांडं आवाज न करता खाली ठेवलं.

तात्या खुर्चीत बसले होते. दोन्ही पाय सुजलेले. डावा पाय उचलून त्यांनी टाच कपाटाच्या कडेला रेटून ठेवली होती. बोलताना दम लागत होता.

"गाडी कशी बंद पडते ते तुमच्याकडून ऐकायला आलेय," मी म्हटलं.

"माका कित्याक इचारतास? मी पनवती."

"मी वायरमन आहे. मला फक्त क्रम सांगा. आधी काय होतं, मग काय होतं."

ते खुर्चीत जरा सरळ झाले. मला वाटतं, दीड महिन्यात त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. मग म्हणाले, "पयलो माझो पंखो थांबता. मगे गाडी दोन गचके खाता आणि बंद पडता. मी घाबरून पाय आणखी रेटतंय. मगे कधीतरी चालू होता."

"पाय कुठे असतो तुमचा?"

"ह्यो असो," त्यांनी कपाटाला रेटलेली टाच दाखवली. "बाजूच्या पत्र्याक लावतंय. जाताना पाय सुजलेलो आसता, खाली सोडवणा नाय. येताना हलको होता, मगे मी झोपतंय."

मी शालनकडे वळून विचारलं, "तात्यांच्या सीटसमोरचा तो छोटा पंखा कुणी बसवला गं?"

ती गाडीची किल्ली शोधायला लागली. तिचा चेहरा पाहून मी पुढे विचारलं नाही. निघताना तात्या सहज म्हणाले, "खरां सांगू? शुक्रवारी घरात झोपलंय, माका बरां वाटला. आता तां सुई, मशीन, जावंदे झाला." काकी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

तेव्हा मला समजलं की नुसती गाडी नीट करून भागणार नाही. थकलेल्या माणसाला थांबायला एक कारण मिळालं होतं आणि ते आम्हीच पुरवलं होतं.

बाहेर येऊन मी तात्यांच्या सीटवर बसले. शालनने इंजिन चालू केलं, मी पंखा सुरू केला आणि डावी टाच बाजूच्या पत्र्याला लावून जोरात रेटली. पंखा थांबला. इंजिनने दोन गचके खाल्ले आणि बंद. पाय काढला, पंखा आपोआप फिरायला लागला.

आतला पत्रा सोडवला. त्याच्या मागून सीएनजीच्या किटला करंट नेणारी वायर जात होती. तो करंट तुटला की गॅसही बंद आणि पेट्रोलही बंद. त्या वायरला मधेच सोलून पंख्याची वायर पिळून जोडली होती आणि वर काळी टेप. उन्हाने टेपचा डिंक वितळला होता, वायरचे दोन-तीनच तंतू धरून होते. पत्रा दाबला की तेही सुटत. पिळा मारून टेप! पहिल्या वर्षाच्या पोराने असा जोड केला तर मी त्याला वर्गाबाहेर उभं करत असे.

"त्यांना उकाड्याने कासावीस व्हायचं गं," शालन म्हणाली. "सेंटरबाहेर मी थांबले होते, तिथेच पंधरा मिनिटांत लावला. सोल्डर नंतर करू म्हटलं. विसरले." ती फुटपाथवर बसली. "माझ्याच हातचा जोड, आणि पनवती ते ठरले. मी कसलं तोंड दाखवू? तू गुपचूप करून टाक ना. कॉइल खराब होती म्हणून सांगू."

मला तिची दया आली, पण मी नाही म्हटलं. गुपचूप केलं असतं तर तात्यांनी ते मानलं नसतं. आपली समजूत घालताहेत असंच त्यांना वाटलं असतं. फॉल्ट काढण्याआधी तो ज्याला त्रास झाला त्याला दाखवायचा, हे आम्हा दोघींना एकाच मास्तरांनी शिकवलं होतं. मी पत्रा होता तसा बसवला.

मंगळवार, विक्रोळी ते मुलुंड

शालन नेहमीपेक्षा तासभर आधी निघाली. हसमुखभाई आणि आणखी दोघं घाटकोपरहून चढले. विक्रोळीला तिने तात्यांचं दार वाजवलं. मी मागेच होते.

"तात्या, डायलिसिसला येऊ नका. फक्त बाहेर येऊन गाडी बंद पाडून दाखवा."

तात्या चकित झाले. "काय ता?"

"या ना. पाच मिनिटं."

ते काकींचा हात धरून आले, सीटवर बसले. शालनने त्यांना पाय लावायला सांगितलं. पंखा थांबला, गाडी बंद. पाय काढला, पंखा सुरू. किल्ली फिरवली, गाडी सुरू. तात्यांनी पुन्हा रेटलं, पुन्हा बंद. असं त्यांनी चार वेळा केलं, लहान मुलाने दिव्याच्या बटनाशी खेळावं तसं.

मग शालनने पत्रा सोडवून त्यांना जोड दाखवला. "हे मी केलं, तात्या. घाईत केलं, चुकीचं केलं. तुम्ही पनवती नाही. मी आळशी." एवढं बोलून ती रडायला लागली.

मागून हसमुखभाई म्हणाले, "तात्या, सॉरी हां. मी गंमत केली ना यार."

"गंमत खरी झाली मरे!" तात्या म्हणाले आणि त्यांना हसू आलं, हसताना दम लागला. शालनला ते म्हणाले, "रडतंस कित्याक? माझ्याच वाऱ्यासाठी केलंस ना ता?"

काकींनी घरातल्या प्लगची वायर खिडकीतून बाहेर दिली. मी इस्त्री तापवून शालनच्या हातात दिली. हे काम तिनेच करायला हवं होतं. तिने जुना जोड कापला, नवा कनेक्टर लावला, सोल्डर केलं, पत्रा परत बसवला. जोड सुरेख झाला. मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते.

तात्यांनी पुन्हा पाय लावला. पंखा फिरत राहिला. त्यांनी दात-ओठ खाऊन रेटलं. इंजिन तसंच चालू.

मग तात्यांनी पाय खाली घेतला. ते तिथेच बसून होते, दार उघडं, एक पाय बाहेर. आता गाडीला काही झालेलं नव्हतं. घरात परत जायचं तर कारण स्वतःचंच द्यावं लागणार होतं. शालनने "चला" म्हटलं नाही. हसमुखभाईंनीही घड्याळ पाहिलं नाही, जरी सगळ्यांची वेळ होत आली होती. मी इस्त्रीची वायर गुंडाळत बसले.

काकी घरात गेल्या आणि तात्यांची शाल व डबा घेऊन आल्या. त्यांनी दोन्ही वस्तू पुढे धरल्या. तात्यांनी त्या हातांकडे पाहिलं. मग त्यांनी डबा घेतला, शाल मांडीवर ठेवली आणि बाहेरचा पाय हाताने उचलून आत घेतला. काकींनी दार लावलं.

भांडुपला उरलेले दोघं चढले. पुढे जिथे गाडी नेहमी बंद पडायची तो टप्पा आला तेव्हा मागचे सगळे पुढे वाकून बघायला लागले. तात्यांनी टाच पत्र्याला लावली, सगळ्यांना दिसेल अशी. आम्ही तो टप्पा ओलांडला. मुलुंडच्या सेंटरला गाडी वेळेवर पोचली.

व्हीलचेअर आली. तात्या तिच्यात बसले, शाल नीट केली आणि आत नेण्याआधी मागे वळून शालनला म्हणाले, "शुक्रवारी उशीर करू नको हां, बाय. माका येळार पोचाक होया."